विसावी बादली

आफ्रिका खंडाच्या दक्षिणेला, जिथे माती तांबडी आणि पाऊस मोजका, तिथे एक लहान गाव होते. त्या गावात पाण्याचा एकच हातपंप होता, आणि त्या पंपाची राखण करणारी एक बाई होती.

गावात फार काही नव्हते. जे होते ते पुरेसे होते. दोन खोल्यांची शाळा होती. आठवड्यातून दोन दिवस परिचारिका येऊन बसे, असा दवाखाना होता. मीठ, साखर, साबण आणि घासलेट मिळेल असे दुकान होते. ज्वारी आणि मका दळणारी, डिझेलवर चालणारी गिरणी होती. पत्र्याच्या छपराचे प्रार्थनामंदिर होते. मोठ्या मारुला वृक्षाखाली चावडी भरत असे. शुक्रवारी दुपारी शहराकडची बस येई आणि धूळ खाली बसण्याच्या आत निघून जाई. एवढ्यावर तीस घरे नांदत होती, आणि ती समाधानी होती.

त्या समाधानाचे मूळ बादल्यांच्या रांगेत होते.

पंपाचे पाणी खोल आणि झरा मंद. पहाटेपासून थांबत थांबत उपसले तर सूर्य माथ्यावर येईपर्यंत वीस बादल्या भरत. विसाव्या बादलीनंतर दांडा हलका पडे आणि नळीतून नुसती हवा येई. मग उन्हे कलेपर्यंत पंपाला विश्रांती द्यावी लागे. उरलेल्या दहा बादल्या संध्याकाळी भरत. गुरांसाठी नदीच्या कोरड्या पात्रात वाळू उकरून झरे काढलेले होते. पिण्याचे आणि चुलीचे पाणी मात्र पंपाचेच.

म्हणून गावाने एक रीत पाडली होती. आदल्या दिवशी सूर्य मावळण्यापूर्वी प्रत्येक घराने आपली बादली पंपापाशी आणून ठेवायची. जिची आधी आली ती पुढे, जिची मागून आली ती मागे. बादली ठेवली की बाई मोकळी. सकाळी पंपावर जी असेल तिने आपली बादली भरून झाली की रांगेतली पुढची भरायची, झाकण घालून सावलीत ठेवायची आणि आपल्या वाटेने जायचे. तोवर दुसरी कोणीतरी येई. रांगेतल्या बादलीला हात लावायचा तो भरण्यासाठी, सरकवण्यासाठी नव्हे. आपल्या बादलीवर कोणी लक्ष ठेवीत नसे. त्यामुळे सकाळी बायका शेतात जात, गिरणीवर दळण नेत, तान्ह्यांना दवाखान्यात दाखवीत. मुली शाळेत जात.

पंपाच्या दांड्याला रात्री साखळी लावलेली असे. तिची किल्ली मा-दिनेओकडे होती. त्या मुलखात बाईला तिच्या थोरल्या लेकराच्या नावाने हाक मारतात. मा-दिनेओ म्हणजे दिनेओची आई. पुरुषाला आदराने ‘रा’ म्हणतात, आणि ‘मा’ किंवा ‘रा’ म्हटल्यावाचून कोणी कोणाशी बोलणे सुरू करीत नाही.

मा-दिनेओ विधवा होती, कष्टाळू होती आणि वागण्याला कडक होती. किल्ली तिने मागितली नव्हती. गावाने एकमुखाने दिली होती. अकरा वर्षे ती फटफटण्यापूर्वी पंपावर येई, डोक्याचे फडके सारखे करी आणि साखळीला हात लावण्यापूर्वी म्हणे, “प्रभू, पाणी तुझे आहे. मी फक्त साखळी काढते.” मग दांड्याला वंगण लावी आणि पहिली बादली भरी, ती कोणाची का असेना.

एके वर्षी थंडी सरत आली असताना शहरातून दिनेओचा निरोप आला. तिला मुलगा झाला होता. बाळाला घेऊन ती शुक्रवारच्या बसने माहेरी येणार होती.

गुरुवारचा सारा दिवस मा-दिनेओने झोपडी सारवण्यात घालवला. शेण आणि तांबडी माती कालवून तिने जमीन केली आणि ओल्या सारवणावर बोटांनी नक्षी काढली. हात धुऊन ती बादली घेऊन निघाली, तेव्हा सूर्य झाडांच्या शेंड्यांना टेकला होता. तिने आपली बादली रांगेत ठेवली आणि मोजले. ती एकविसावी होती.

एकविसावी म्हणजे पाणी संध्याकाळी. बस दुपारी येणार. धुळीने माखलेले नातवंड आजीच्या दारात येणार आणि घरात त्याला न्हाऊ घालायला पाणी नाही, हा विचार तिला बोचू लागला.

शुक्रवारी पहाटे ती नेहमीप्रमाणे पंपावर गेली. कोणी नव्हते. तीस बादल्या मुकाट उभ्या होत्या. विसावी बादली गावाच्या टोकाला एकट्या राहणाऱ्या कोंबडीवाल्या म्हातारीची होती. ती दुकानदारिणीच्या पिवळ्या डब्यामागे होती, आणि तिच्यामागे मा-दिनेओची.

मा-दिनेओ मनाशी म्हणाली, ‘अकरा वर्षे मी या पंपासाठी झोप मोडली. बदल्यात कधी काही घेतले नाही. एक जागा, तीही एक दिवस. म्हातारी एकटी, तिला पाणी ते किती लागणार?’

तिने दोन्ही बादल्या उचलल्या आणि त्यांची अदलाबदल केली. सारे चार श्वासांत झाले. मग ती साखळीकडे वळली, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच तिने काही न म्हणता साखळी काढली.

दुपारी बस आली. दिनेओ उतरली, बाळ उतरले. बाळाला कोमट पाण्याने न्हाऊ घातले. शेजारणींनी तोंड भरून कौतुक केले. मा-दिनेओही हसली; पण बाळाच्या पाठीवरून ओघळणारे पाणी तिला बघवेना.

संध्याकाळी कोंबडीवाली म्हातारी काठी टेकत दाराशी आली. तिने आधी रीतीप्रमाणे नमस्कार केला, घरच्यांची खुशाली विचारली, बाळाच्या कपाळाला बोट लावले. मग म्हणाली, “मा-दिनेओ, मी बादली पिवळ्या डब्यामागे ठेवली होती. आज दुपारी पाहते तो ती एक जागा मागे. माझ्या कोंबड्या दिवसभर चोची उघड्या टाकून बसल्या होत्या. माझी विसावी होती ना?”

इथे खरे बोलायला अजूनही वेळ होता. परंतु पहिली चूक दुसरीला हात धरून घेऊन येते.

मा-दिनेओ म्हणाली, “आजी, आता तुमचे वय झाले. एकविसावीच होती.”

म्हातारीने काठी उचलली. “असेल,” ती म्हणाली, आणि काठी टेकत परत गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मा-दिनेओ पंपावर आली, तो म्हातारी आपल्या बादलीशेजारी लाकडी बैठक टाकून बसलेली. अंगावर घोंगडी, मांडीवर काठी.

पाण्याला येणाऱ्या बायकांना मौज वाटली. दुकानदारीण म्हणाली, “आजी, आज बादलीला राखण?”

“राखण कसली? सोबत,” म्हातारी म्हणाली. “एकटी उभी राहिली की तिला मागे मागे जावेसे वाटते.”

बायका हसल्या. पण घरी जाता जाता एकीने आपली बादली वळून पाहिली. मग दुसरीने पाहिली.

म्हातारीने कोणाचे नाव घेतले नाही. तिसऱ्या दिवशी आणखी तिघी आपापल्या बादलीपाशी बसल्या. सातव्या दिवशी तीसही बादल्यांपाशी तीस माणसे होती. जिला शेतात गेल्यावाचून गत्यंतर नव्हते, तिने मुलीला बसवले.

मग एकेक गोष्ट थांबत गेली. शाळेत फळ्यासमोर मुलगे तेवढे उरले. गुरुजींनी विचारले तर उत्तर आले की मुली पाण्याला बसल्या आहेत. दवाखान्यात परिचारिका वजनकाटा मांडून वाट पाहत राहिली, पण लेकरांना घेऊन कोणी आले नाही. दुकानात माशा घोंगावल्या. दळण आणायला कोणाला सवड नव्हती, म्हणून गिरणीचे इंजिन दिवसदिवस गार पडून राहिले, आणि घरोघर उखळात कांडलेल्या भरड पिठाची लापशी शिजू लागली. मुले ती नाके मुरडून खात.

रांगेत भांडणे होऊ लागली. कोणाची सावली कोणाच्या बादलीवर पडली, हेही निमित्त पुरे. गावात पाणी पूर्वीइतकेच होते. एक घोटही कमी झाला नव्हता.

रविवारी उपासनेला निम्मी बाके रिकामी होती. मा-दिनेओ पुढच्या बाकावर बसली. पाळकांनी प्रार्थना सांगितली, ती सगळ्यांबरोबर तिनेही म्हटली. पण भजन सुरू झाले तेव्हा तिचा आवाज फुटेना. शेजारणीला वाटले, घसा बसला.

अशा वेळी गावाला कोणीतरी दोषी लागतो. तो लवकरच सापडला.

गिरणी चालवणारी बाई नदीपलीकडच्या गावातून लग्न होऊन आली होती. नवरा दूर खाणीत कामाला होता. अजून लेकरू नव्हते, म्हणून तिला कोणाची आई म्हणावे हा प्रश्न होता, आणि लोक तिला नुसते ‘गिरणीवाली’ म्हणत. तिचे अंगण पंपाला लागून होते. इंजिन पुसायला ती पहाटेच उठत असे.

“अंगण कोणाचे लागून? पहाटे उठते कोण?” दुकानदारीण रांगेत बसल्या बसल्या म्हणाली. “मी नाव घेत नाही.”

“घेतलेच की,” दुसरी म्हणाली.

“तिच्या गावी पंप नाही. तिला रांग काय कळणार?”

गिरणीवाली चार हातांवर आपल्या बादलीपाशी बसली होती. ती म्हणाली, “मा, माझी गिरणी पंधरा दिवस बंद आहे. तुम्ही सगळ्या इथे बसलात तर मी दळू काय, वाळू? चोरी करायची तर मी दुसऱ्या कशाची तरी केली असती.”

उत्तर बिनतोड होते. पण लोकांना तिच्या ओठांवरचे उत्तर ऐकायचे नव्हते, तिची मान खाली गेलेली पाहायची होती. दोन दिवसांत ठरले की प्रकरण चावडीवर न्यायचे, आणि गिरणीवालीची बादली रांगेतून कायमची काढावी अशी मागणी करायची. तिने नदीच्या वाळूत खड्डा उकरून गुरांबरोबर पाणी घ्यावे.

चावडीच्या आदल्या दिवशी दिनेओ बाळाला मांडीवर घेऊन म्हणाली, “आई, गिरणीवालीला उद्या रांगेतून काढतील म्हणे. एका परीने बरेच. ती गेली की बायका घरी जातील आणि सगळे पूर्वीसारखे होईल.”

मा-दिनेओने मनात हिशेब मांडला. लेक म्हणाली ते खरे होते. आपण गप्प राहिलो तर बादल्या मोकळ्या होतील, शाळा भरेल, किल्ली आपल्याकडे राहील, नातवाच्या आजीला कोणी बोट दाखवणार नाही. एक परकी बाई गाळाचे पाणी पिईल, एवढेच. सगळ्यांचे भले एका बाजूला आणि एक बाई एका बाजूला.

ती उठून झोपडीमागे गेली आणि गुडघे टेकले. क्षमा मागावी म्हणून तिने तोंड उघडले, परंतु तिच्या ध्यानात आले की ज्यांचे घेतले त्यांच्याकडे न जाता देवाकडे क्षमा मागणे म्हणजे पुन्हा रांग सोडून पुढे घुसणेच होय. ती तशीच उठली.

दुसऱ्या दिवशी मारुलाच्या सावलीत गाव जमले. पुरुष लाकडी बैठकांवर, बायका चटयांवर. तिथली रीत अशी की ज्याला बोलायचे त्याने उभे राहावे, तो बोलून खाली बसेपर्यंत कोणी मध्ये बोलू नये, आणि गावप्रमुखाने सर्वांत शेवटी बोलावे.

दुकानदारीण बोलली. तिच्यामागून चौघी बोलल्या. गिरणीवाली उभी राहिली, “मी हात लावला नाही,” एवढेच म्हणाली आणि बसली.

गावप्रमुख म्हातारे होते, पांढऱ्या भुवयांचे. ते मा-दिनेओकडे वळले. “मा, साखळी तुमच्या हाती आहे. पहाटे पंपावर सर्वांआधी तुम्ही असता. अकरा वर्षांत तुमचा शब्द खोटा ठरलेला नाही. तुम्ही पाहिले असेल ते सांगा. त्यावरच निवाडा होईल.”

मा-दिनेओ उभी राहिली.

“रा,” ती म्हणाली, “बादली सरकवणारा हात मी पाहिला आहे. तो हा.” तिने उजवा हात पुढे केला. “दिनेओ आली त्या दिवशी. आजींची विसावी होती, माझी एकविसावी. मी बदलली. आजी विचारायला आल्या तेव्हा मी त्यांना त्यांचे वय दाखवले. गिरणीवालीवर आळ आला तेव्हाही मी गप्प बसले. ती चोर नाही. चोर मी आहे.”

दिनेओने बाळाला छातीशी घट्ट धरले आणि मान खाली घातली.

मग कोंबडीवाली म्हातारी काठीवर भार देऊन उठली. “मा-दिनेओ,” ती म्हणाली, “बादली गेली त्याचे मला काही नाही. कोंबड्या जगल्या. पण तू मला म्हणाली असतीस, आजी, नातू यायचा आहे, तुमची जागा द्या, तर मी दिली असती. वर दोन अंडीही दिली असती. तू मला द्यायलाच दिले नाहीस.”

इतका वेळ ताठ उभी असलेली मा-दिनेओ तेव्हा रडली.

सर्वांचे बोलणे संपल्यावर गावप्रमुख बोलले. “किल्ली आजपासून माझ्याकडे. तीन महिने मा-दिनेओची बादली तिसावी राहील, मग ती कितीही लवकर आणून ठेवो. हा झाला एकीचा दंड. आता बाकीच्यांचा. ज्यांनी गिरणीवालीवर आळ घेतला, त्यांनी तिच्या दारात जाऊन, उभ्याने, तिची माफी मागावी. आणि उद्या दळण घेऊन जावे.”

“रा, आणि रांगेत बसायचे की नाही?” दुकानदारिणीने विचारले.

“ते मी सांगून होत नाही,” गावप्रमुख म्हणाले, आणि चावडी उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका आपापल्या बादलीपाशी बसल्याच होत्या. मा-दिनेओ आली. आदल्या संध्याकाळी तिसाव्या जागी ठेवलेल्या आपल्या बादलीपाशी ती थांबली. सगळ्यांना वाटले, आता ही तर बसणारच. हिच्या बादलीला तर आता कोणीही लाथ मारील. मा-दिनेओने सगळ्यांकडे पाहून मान लववली, आणि मागे वळून न पाहता शेताकडे चालू लागली.

बायका तिच्या पाठीकडे पाहत राहिल्या.

“आता काय?” कोणीतरी म्हणाले.

“काय म्हणजे? माझ्या कोंबड्यांनी काय उपास करायचा?” म्हातारी म्हणाली. तिने बैठक काखेत मारली आणि निघाली. तिच्यामागून गिरणीवाली उठली. दोघी-तिघी दुपारपर्यंत बसून राहिल्या; त्यांनाच सकाळच्या विसाही बादल्या भराव्या लागल्या. दुसऱ्या दिवशी त्याही बसल्या नाहीत.

आठवड्याभरात शाळेतली बाके भरली. दवाखान्यात लेकरांचा कालवा सुरू झाला. गिरणीचे इंजिन सकाळपासून धडधडू लागले आणि घरोघर पुन्हा बारीक पिठाची लापशी शिजली. दुकानदारीण पायलीभर मका घेऊन गिरणीवर गेली आणि दारातच उभी राहून म्हणायचे ते म्हणाली. गिरणीवालीने ऐकून घेतले. “मा, मका आत आणा,” ती म्हणाली. “उभ्याने दळत नाहीत.”

पाऊस झाला, ज्वारी कापून झाली, आणि गाव पुन्हा चावडीवर जमले. गावप्रमुख म्हणाले, “माझी हाडे आता पहाटेची थंडी सोसत नाहीत. किल्ली एकाच घरी फार दिवस राहिली, ही चूक आपली. जिथे ती राहते तिथे माणूस एकटा पडतो. यापुढे ती एकेक महिना एकेका घरी जाईल. ओळीने, तीस घरे.”

सर्वांनी माना डोलावल्या. मग मागून एकाने विचारले, “रा, तीस की एकोणतीस?”

कोणाचे घर, हे विचारायची गरज नव्हती. मा-दिनेओ खाली पाहत बसली होती. ती उठणार आणि ‘माझे घर वगळा’ म्हणणार, तोच गिरणीवाली उभी राहिली.

“तीस,” ती म्हणाली. “बाकीच्या एकोणतीस घरांना किल्लीचे ओझे अजून ठाऊक नाही. त्या एका घराला आहे. ते वगळलेत तर माझेही वगळा.”

विरोधात कोणी उभे राहिले नाही. घरांच्या ओळीत गिरणीवालीचे घर तिसरे होते आणि मा-दिनेओचे चौथे. चौथ्या महिन्याच्या पहिल्या सकाळी गिरणीवाली किल्ली घेऊन तिच्या दारात आली, आणि मा-दिनेओने त्या मुलखाच्या रीतीप्रमाणे दोन्ही हात पुढे करून ती घेतली.

तात्पर्य एवढेच ध्यानी धरावे: जे मागून मिळाले असते ते लपून घेतले, तर घेतलेल्या वस्तूहून पुष्कळ मोठा असा सर्वांचा विश्वास जातो, आणि तो परत आणण्याचा मार्ग एकच आहे, की ज्याची चूक त्याने ती सर्वांसमोर आपल्या तोंडाने सांगावी.